कोणाची अडचण मोठी

कोर्टाच्या आवारात शिरलं की पहिल्यांदा झेरॉक्सचा वास येतो. गरम कागदाचा, जरासा जळकट. जूनचा दुसरा आठवडा होता, पाऊस येतो-येतो म्हणत दडी मारून बसलेला, आणि मी सीबीएससमोरच्या, म्हणजे नाशकातल्या मध्यवर्ती बसस्थानकासमोरच्या, त्या आवारात एका टंकलेखकापुढे प्लास्टिकच्या खुर्चीत घामाघूम होऊन बसले होते. टंकलेखक आपलं सवयीनं म्हणायचं. आता त्यांच्यापुढे जुना कॉम्प्युटर असतो, टेबलाखाली प्रिंटर, डोक्यावर ताडपत्री, आणि वीज कुठून ओढली आहे ते विचारायचं नसतं. माझ्या हातात मोबाइल, त्यात चुलतभावानं पाठवलेला मसुदा. आमच्या वाड्याला महापालिकेची नोटीस आली होती. पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या नाशकात गठ्ठ्यानं वाटतात तीच, कलम २६४, धोकादायक इमारत. वाडा उतरवून घ्यायला आम्हा सगळ्या वारसांची हरकत नाही, असं प्रतिज्ञापत्र करायचं होतं. मी वाचत होते, ते टाइप करत होते. साठीचे असावेत, बोटं मात्र पंचविशीतली.

पॅरा चारपाशी बोटं थांबली. ‘सदर मिळकतीत कोणाही भाडेकरूचा वा त्रयस्थ इसमाचा कोणत्याही प्रकारचा हक्क अगर हितसंबंध नाही.’

“भाडेकरू कुणीच नाही?” स्क्रीनवरची नजर न काढता त्यांनी विचारलं.

“एक काकू आहेत मागच्या खोलीत. पण त्या जाणार आहेत मुलीकडे, सातपूरला.”

“बरं,” म्हणाले, आणि वाक्य पुरं केलं. मग वर जाऊन मयताचं नाव पुन्हा वाचलं, ओठ हलवत. “मेंबरांची नात का तुम्ही? वकीलसाहेबांची?” मी हो म्हटलं. नाशकात अजून कुणीतरी नानांना मेंबर म्हणतं याचा मला आनंद झाला होता आणि तो चेहऱ्यावर दिसलाही असणार. “त्यांनीच आमची खोली खाली करून घेतली,” ते म्हणाले. “भद्रकालीत होतो आम्ही. मी तिसरीत होतो.” राग नव्हता आवाजात. सिन्नरची गाडी किती वाजता आहे ते सांगावं, तसं सांगितलं. “सही इथे करा. दोन प्रती. ऐंशी रुपये.” मी शंभराची नोट दिली. त्यांनी खणातून वीस रुपये काढून परत दिले.

रिक्षात बसेपर्यंत ते वीस रुपये माझ्या मुठीतच होते.

त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मी घरी येऊन भांडणाची गोष्ट सांगितली असती. पैसे घ्यायला नको म्हणाले असते तर डोळे पुसायची गोष्ट झाली असती. त्यांनी सुटे परत दिले. त्या सुट्यांचं काय करायचं ते मला कळेना. अशोकस्तंभाला रिक्षा अडकली तेव्हा लक्षात आलं, की आजवर मला नानांबद्दल जे काही सांगितलं ते सगळं त्यांच्या बाजूच्या लोकांनी. त्यांचे पक्षकार, त्यांचे कारकून, आजी, माझे वडील. समोरचा पक्ष पन्नास वर्षांत पहिल्यांदाच बोलला होता, आणि तेही एका वाक्यात, ऐंशी रुपयांच्या कामाच्या मधे.

नानांना तीन नावं होती. घरात नाना, आम्ही नातवंडंही नानाच म्हणायचो, आजोबा कुणी म्हटलं नाही. कोर्टात साहेब. आणि गल्लीत मेंबर. म्युनिसिपालटीचे मेंबर. नगरसेवक हा शब्द पुढे आला. त्यांच्या काळी भाजीवालीपासून मामलेदारापर्यंत सगळे मेंबरच म्हणत. साठ-सत्तरच्या दशकांत ते दोन खेपा निवडून आले. त्यानंतर कधीच निवडून आले नाहीत, तरी मेंबर ते मेंबरच राहिले. जसं एखाद्या निवृत्त मास्तरांना मरेपर्यंत मास्तर म्हणतात.

वाडा दहीपुलाच्या वरच्या अंगाला, चढावरच्या गल्लीत. ओसरीला लागून जी खोली तिला आम्ही ‘ऑफिस’ म्हणायचो. टेबलावर हिरवं बनात, त्याला शाईचे आणि चहाच्या बशीचे डाग. भिंतभर कपाटं, त्यांत कायद्याचे जाड खंड आणि लाल फितीत बांधलेल्या फायली. डिंकाची बाटली, तिच्या तोंडाशी वाळलेली पिवळी साय. तिथे एक मिश्र वास असे: डिंक, तपकीर, जुना कागद आणि पावसाळ्यात ओलं घोंगडं. घोंगडं पक्षकारांचं. सिन्नर, दिंडोरी, निफाड, पेठ इकडून पहिल्या एसटीनं निघालेली माणसं सात-साडेसातलाच बाकावर येऊन बसलेली असत. कागदांची पिशवी मांडीवर, तिच्यावर दोन्ही हात. सातबारा, फेरफार, कुणाच्या तरी आज्यानं केलेलं गहाणखत. कारकूनकाका कोर्ट फीची तिकिटं जिभेवर ओली करून चिकटवत. ती तिकिटं आपल्या नाशिकरोडच्याच प्रेसमध्ये छापलेली असत आणि आम्हा मुलांना याचा विनाकारण अभिमान होता, की राज्यात कुठेही माणसं भांडोत, तिकीट आमच्या गावचं.

फी बहुतेकदा हप्त्यानं येई आणि बऱ्याचदा पोत्यानं. कांद्याच्या हंगामात आमच्या माळ्यावर चालायला वाट नसे. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कसणारा कूळ कायद्यानं मालक झाला खरा, पण ते कागदावर उतरवून घ्यायला पुढची वीस-पंचवीस वर्षं गेली, आणि नानांची अर्धी वकिली त्या वीस-पंचवीस वर्षांवर चालली. तिथे त्यांनी कुळांची बाजू घेतली तशी जमीनदारांचीही घेतली. आजी एकदा म्हणाली होती, “सोमवारी ज्याच्या बाजूनं बोलता त्याच्या विरुद्ध मंगळवारी बोलता, जीभ कशी वळते हो?” नाना म्हणाले, “दोन्ही बाजूंना वकील असला तरच त्याला कोर्ट म्हणायचं. नाहीतर ती चावडी.” आजीचं यानं समाधान झालं नव्हतं. ती त्या दिवशी चहात साखर घालायला विसरली, की विसरली नाही, हे कळायला मार्ग नाही.

चहावरून आठवलं. बाकावरच्या माणसांना आजी चहा पाठवायची, सगळ्यांना. पण फडताळाच्या खालच्या कप्प्यात काही कप होते, कान तुटलेले. काही माणसांना चहा त्यातून जाई. कुणाला कुठला कप, हे कधी मोठ्यानं बोललं जात नसे. कारकूनकाका नुसतं दारात येऊन “आजचे तीन आणि एक” म्हणत, आणि त्या ‘एक’चा अर्थ आजीला कळत असे. मी लहान होते, मला ते आकड्यांचं कोडं वाटायचं. नानांना ते दिसत होतं. नगरपालिकेच्या सभेत ते ज्या विषयांवर तासतास बोलत, त्याच्या अगदी उलट हे त्यांच्या ओसरीवर चाललेलं होतं. ते काही बोलले नाहीत. कप पुढे केव्हातरी एकेक करून फुटले, आणि नवे सगळे एकाच जातीचे आले. ही आमच्या घरातली समाजसुधारणा.

आता भाड्याचे दावे. जुन्या नाशकातल्या कुठल्याही वकिलाला हा विषय चुकला नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडं गोठवलं: १ सप्टेंबर १९४० रोजी जे असेल ते प्रमाण भाडं. कायदा युद्धानंतरच्या टंचाईपुरता म्हणून आला आणि मुदतवाढ घेत घेत शतक संपेपर्यंत टिकला; १९९९ चा नवा कायदा येईपर्यंत. म्हणजे ऐंशीच्या दशकातही तीन खोल्यांना महिना सात रुपये, नऊ रुपये. मालक म्हणे, सात रुपयांत कौलं कशी बदलू? भाडेकरू म्हणे, दुसऱ्याच्या भिंतीला मी का गिलावा करू? दोघांचंही बरोबर. मधे वाडा. सागवानी खांब, कोरीव हस्त, विटांच्या भिंती, सगळं त्या दोन बरोबरांच्या मधे उभ्या-उभ्या कुजलं. दरवर्षी आषाढात कुठला तरी वाडा बसतो, कधी माणसं दगावतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो: अर्धी भिंत, तिच्यावर अजून लटकलेलं कॅलेंडर. त्या फोटोकडे बघताना मला नेहमी वाटतं, की या ढिगाऱ्यात कुठेतरी एक फाइल आहे आणि तिच्यावर नानांची सही आहे.

खोली खाली करून मागायला मालकाला कायद्यात मोजकीच कारणं होती. भाडं थकलं, विनापरवाना बांधकाम केलं, पोटभाडेकरू ठेवला. आणि सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं, ‘तेरा-एक-जी’: मालकाला स्वतःला जागेची खरी आणि वाजवी गरज. मुलाचं लग्न झालंय, सुनेला खोली हवी. पण कायदा करणारा कुणीतरी शहाणा असावा. त्यानं लगेच खाली ‘तेरा-दोन’ ठेवलं. मालकाची गरज खरी ठरली तरी कोर्टानं आणखी एक गोष्ट तोलायची: खोली खाली करायचा हुकूमनामा दिला तर भाडेकरूची जी अडचण होईल, ती, नाही दिला तर मालकाची जी होईल तिच्याहून मोठी आहे का? नाना याला ‘अडचणीचा तराजू’ म्हणत. मी कायद्याचं पहिलं वर्ष करत होते तेव्हा (एकच वर्ष केलं, मग बँकेची परीक्षा दिली, त्यावर घरात जे झालं ते या लेखात नको) त्यांनी मला समोर बसवून हे कलम वाचायला लावलं होतं. म्हणाले, “सगळ्या कायद्यात मला हे कलम सगळ्यात आवडतं, आणि याच्यावर मी कधी मनापासून युक्तिवाद केला नाही. कारण मला दरवेळी एकाच पारड्याचे पैसे मिळालेत.”

तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

मेंबर म्हणून ते पाणीपुरवठा आणि जलनिस्सारण समितीवर होते. गंगापूर धरण होऊन पाणी आलं होतं, पण ते गल्लीच्या नळाला आणायचं म्हणजे खोदकाम, आणि खोदकाम म्हणजे कुणाची तरी पायरी. नाना हातात टेप घेऊन ओव्हरसीअरबरोबर फिरत. धोतराचा सोगा खिशात. त्यांचं खरं वेड मात्र गटार. जुन्या वाड्यांतले टोपलीचे संडास जावेत, भुयारी गटाराची जोडणी यावी, यासाठी ते वर्षानुवर्षं भांडले. वाड्यांच्या मागून एक अरुंद बोळ जाई. पहाटे त्या बोळातून माणसं डोक्यावर मैला घेऊन जात. त्या बोळाला गाव जे नाव देत असे ते आज लिहवत नाही. आम्ही लहानपणी ते पत्त्यासारखं सहज उच्चारायचो. हे बेकायदा ठरवणारा केंद्राचा कायदा १९९३ ला झाला. नानांनी आपल्या वॉर्डातल्या मालकांच्या मागे लागायला सुरुवात केली ती त्याच्या पंचवीस वर्षं आधी. आणि मालक कोण? त्यांचेच पक्षकार. सकाळी ऑफिसात येऊन “साहेब, तारीख काय पडली?” विचारणारा माणूस संध्याकाळी त्याच साहेबांकडून नोटीस घेत होता. दोन-तीन बडी घरं तुटली. एका मालकानं फायली परत मागितल्या. नानांनी कारकूनकाकांकरवी त्या फडक्यात बांधून पाठवल्या, वर यादी, यादीवर पोच. पैसे राहिले होते ते राहिले.

हे सगळं सांगताना माझा आवाज चढतो, मला कळतं. नात आहे मी.

म्हणून दुसरी गोष्ट सांगते. नाना १९२० चे. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा दहा वर्षांचे. बाबासाहेब आंबेडकर, दादासाहेब गायकवाड, दारांपुढे बसलेली हजारो माणसं. शाळेत आपण सगळे हे वाचतो, आणि वाचताना आपोआप दाराबाहेर जाऊन बसतो. मी एकदा मोठ्या उत्साहानं नानांना विचारलं, तुम्ही पाहिलात का सत्याग्रह? ते सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. “दार आतून बंद होतं,” म्हणाले, “आणि आपण आत होतो.” पणजोबांचा देवळात काहीतरी मान होता, एवढं मला ठाऊक आहे. सत्याग्रह पाच वर्षं चालला. दार उघडलं नाही. नाना पंधरा वर्षांचे झाले तोवर, म्हणजे दाराच्या कुठल्या बाजूला आहोत हे कळायचं वय. त्यांनी यावर पुढे एक शब्दही काढला नाही. अडकित्ता पुन्हा सुरू झाला, आणि सुपारीची खांडं नेहमीपेक्षा जाड पडली.

ते आत असणं आणि ते बोळातलं गटार यांचा संबंध जोडायचा मोह मला होतो. पण कान तुटलेले कप मधे येतात.

मे महिन्यात गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला असते. देवमामलेदारांच्या पटांगणावर, संध्याकाळी, दगडी पायऱ्या दिवसभर तापलेल्या असताना. नदीवरून वारा येतो, त्यात निर्माल्य, शेवाळ, भज्यांचं तेल. नाना तिथे आभार मानायचे. त्यांची आभाराची भाषणं गावात प्रसिद्ध होती, कारण एकदा वक्ता परतीच्या गाडीसाठी उठून गेला तरी आभार चालूच होते. त्यांना ती जागा आवडे. मामलेदार असून लोकांनी ज्याचं देऊळ केलं असा एकच माणूस, म्हणत. दुष्काळात सरकारी खजिना उघडून वाटला. “वकिलाचं देऊळ कुणी बांधलेलं ऐकलंयस?” असं विचारून स्वतःच हसत. दुसरा त्यांचा आवडता किस्सा १९६३ चा. यशवंतराव चव्हाण नाशकातून बिनविरोध लोकसभेवर गेले. सगळं शहर फुगलेलं. नाना म्हणत, शहराचा मान मोठा झाला खरा, पण मला चुकल्या-चुकल्यासारखं वाटत होतं. समोरची बाजूच नव्हती.

१० सप्टेंबर १९६९ चा पूर मी पाहिलेला नाही, माझा जन्म नंतरचा. पण तो आमच्या घरात इतक्यांदा सांगितला गेला, की मला पाणी दिसतं. गोदेच्या पात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला, सराफ बाजारात पाणी शिरलं, दहीपुलाकडून ते चढाच्या पायथ्याशी येऊन चाटायला लागलं. वाड्याच्या ओसरीवर खालच्या गल्लीतली माणसं, भांडी, एक शेळी. नाना ऑफिसच्या कपाटांतल्या सगळ्यात खालच्या फायली वरच्या मजल्यावर नेत होते. आजी म्हणाली, “माणसं ओली बसलीयत आणि तुम्ही कागद वाचवताय?” ते म्हणाले, “माणसं उद्या सुकतील. कागद गेले तर यांची घरं गेली.” २००८ च्या सप्टेंबरात पुन्हा सराफ बाजारात पाणी आलं तेव्हा मी चढावर उभी राहून बघत होते, शेजारी कुणीतरी मोबाइलवर शूटिंग करत होतं, आणि मला कारण नसताना आजीचा तो प्रश्न आठवत होता. दोघांतलं कोण बरोबर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग ७ नोव्हेंबर १९८२. नाशिक, सातपूर, नाशिकरोड-देवळाली आणि आसपासची गावं मिळून महानगरपालिका झाली. १८६४ पासूनची नगरपालिका संपली आणि पुढली दहा वर्षं प्रशासक. (२०२२ च्या मार्चात नगरसेवकांची मुदत संपली आणि पुन्हा कित्येक वर्षं प्रशासकच राहिला, तेव्हा माझ्या पिढीला कौतुक वाटलं, नानांच्या पिढीला वाटलं नसतं.) त्या दहा वर्षांत लोक येतच राहिले. “मेंबर, नळ चार दिवस कोरडा आहे.” नाना सांगत नसत, की मी आता मेंबर नाही. अर्ज लिहून देत. सुवाच्य, दोन समासांत, खाली ‘कळावे’. साहेब बदलत, अर्ज तसेच.

१९९२ ला महापालिकेची पहिली निवडणूक लागली आणि नाना बहात्तराव्या वर्षी अपक्ष उभे राहिले. घरात कुणालाही हे पसंत नव्हतं. सत्तर सालच्या सुमारास पावणेदोन लाखांचं असलेलं गाव १९९१ च्या जनगणनेत साडेसहा लाखांवर गेलं होतं. कारखाने आले, सिडको आली, वॉर्डात निम्मी नावं नवी. आम्ही त्यांच्याबरोबर प्रचाराला फिरलो. नाना दाराशी उभे राहून स्वतःची ओळख अशी करून द्यायचे, की “तुमच्या मागच्या बोळातली लाइन माझ्या वेळची.” लोकांना कसली लाइन ते कळायचं नाही. गटार चालू आहे तोवर कुणाच्या लक्षात राहतं? तुंबलं की आठवण. एका ठिकाणी तरुण बाईनं विचारलं, “काका, पण तुम्ही आता काय करणार?” हा प्रश्न अगदी रास्त होता आणि नानांकडे त्याचं उत्तर नव्हतं. डिपॉझिट गेलं. निकालाच्या दिवशी आम्ही सगळे त्यांच्यासमोर न जाता इकडे-तिकडे वावरत होतो. ते स्वतःच म्हणाले, “कोर्ट फी कधी परत मिळते का?” आणि ऑफिसात जाऊन बसले. बाकावर कुणी नव्हतं. बराच वेळ खंडांच्या पाठी पुसत होते, फडक्यानं, एकेक करून.

१९९८ ला गेले. त्यांच्या मागे ऑफिसाला कुलूप लागलं, ते गेल्या महिन्यात वाडा रिकामा करायला म्हणून उघडलं. वाळवीनं तिच्या वाट्याचं वाचून टाकलं होतं. रद्दीवाला किलोचा भाव सांगत होता. चुलतभाऊ त्याच्याशी घासाघीस करत होता. मी फक्त डायऱ्या काढून घेतल्या. वकिलांची कोर्ट-डायरी असते ती: तारीख, दाव्याचा नंबर, पक्षकार, काय झालं, पुढली तारीख, आणि कडेला नानांनी स्वतः आखलेला फीचा रकाना. त्या आधी मी कधी उघडल्या नव्हत्या. टंकलेखकाच्या त्या वाक्यानंतर तीन रात्री बसून पाहिल्या. आडनाव मला ठाऊक होतं. त्यांच्या टेबलावरच्या पाटीवर होतं. वर्षं अंदाजानं धरली. तिसरीत, म्हणजे आठ-नऊ वर्षांचा मुलगा.

सापडलं. भद्रकाली, एक खोली, तेरा-एक-जी. हुकूमनामा मालकाच्या बाजूनं. नंतर ताब्याची दरखास्त. आणि मग जून महिन्यातल्या एका पानावर, नानांच्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात: ‘पावसाळा संपेतो ताबा घेणार नाही असे लिहून दिले. मालक नाराज. तिन्ही मुले लहान.’ फीच्या रकान्यात आडवी रेघ. पुढे ऑक्टोबर उलटल्यावर एकच शब्द, ‘ताबा’. त्या दिवशी आणखी चार कामं होती. चारांतल्या एकाची फी आली होती, पंचवीस रुपये.

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. चार महिने. पुरे का चार महिने? तराजूत टाकले तर किती भरतात?

आमच्या मागच्या खोलीतल्या काकू ऐंशीच्या पुढच्या आहेत. यजमान प्रेसमध्ये होते. नानांच्या हयातीत दर एक तारखेला बावीस रुपये आजीच्या हातात देऊन घटकाभर बसायच्या. अलीकडे चुलतभावानं भाडं घेणं बंद केलं. घेतलं तर हक्क शाबूत राहतो, असा कुणीतरी सल्ला दिला. तेव्हापासून काकू दरमहा मनीऑर्डर करतात. ती परत जाते. परत आलेल्या सगळ्या पावत्या त्या एका चिवड्याच्या डब्यात ठेवतात, आणि त्या मला दाखवताना त्यांनी कोणतीही तक्रार केली नाही, फक्त म्हणाल्या, “वकिलांच्या वाड्यात राहिले ना, कागद टाकवत नाही.” मुलीकडे सातपूरला जाणार आहेत हे चुलतभाऊ म्हणतो. मुलीचं घर दोन खोल्यांचं आहे हे काकू म्हणतात. वाडा खरोखर कलला आहे. परसाकडची भिंत मी हातानं ढकलून पाहिली तर माती पडली. नोटीस खोटी नाही. पॅरा चार मात्र…

बुधवारी मला पुन्हा कोर्टात जावं लागलं. प्रतिज्ञापत्रात आत्येबहिणीचं वय चुकलं होतं, तेवढंच दुरुस्त करायचं होतं. रात्री पाऊस झाला होता. ताडपत्रीत पाणी साचून मधोमध पोट आलं होतं आणि टंकलेखक ते काठीनं वर ढोसून पाणी कडेला सांडवत होते. मी खुर्चीत बसले. पिशवीत डायरी होती. काढू की नको, असं दोनदा झालं. शेवटी काढली, खूण केलेलं पान उघडून त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. वाचलं. पुन्हा वाचलं. ‘तिन्ही मुले लहान’वर बोट ठेवलं, अगदी हलकं, जसं ओल्या शाईवर ठेवतात.

“ठाऊक आहे,” म्हणाले. “आई सांगायची. पावसाळाभर राहू दिलं म्हणून.” डायरी मिटून माझ्याकडे सरकवली. “पण त्या साली पाऊस दिवाळीपर्यंत लांबला होता. सामान भिजलंच.”

मग त्यांनी फाइल उघडली, आत्येबहिणीचं वय बदललं, पान खाली सरकवलं आणि हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले.

“पॅरा चार तसाच ठेवायचा का?”

“थांबा जरा,” मी म्हटलं.